आत्याचा मान

बाळ कुशीत होतं, तरी रिकामा पाळणा पुन्हा आपोआप हलायला लागला. मृण्मयीने बाळाला घट्ट धरलं. "आई, वारा नाही, काही नाही. या घरात काहीतरी आहे. मी नाही याला पाळण्यात ठेवणार!"

सासूबाईंनी परसातल्या सोनचाफ्याकडे पाहिलं. "तुझ्या नवऱ्याआधी मला मुलगी झाली होती गं. बारशाआधीच गेली. तिला तिथे पुरलं, आणि मला कुणी रडूही दिलं नाही."

बारशाला शेजारणीने विचारलंच, "नाव ठेवायला आत्याच नाही, मग बाळाच्या कानात कुर्र कोण करणार?"

"आहे की आत्या," म्हणत मृण्मयीने बाळाला पाळण्यात निजवलं आणि दोरी सोडून दिली.

पाळणा हलकेच झुलला. सासूबाई चारचौघींत मोकळेपणी रडल्या. बाळ मात्र कानात कुणी गुदगुल्या केल्यासारखं खुदकन हसलं.