पुन्हा वाढतं

तात्यांचा ताकाचा पेला धुवायला उचलला आणि पमाला दारूचा भपकारा आला. बापाला स्वतःच्या यकृताचा तुकडा देऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

“तात्या, परत सुरू केलीत?”

तात्यांनी सावकाश मिशी पुसली. “कांगावा करू नकोस. यकृत पुन्हा वाढतं, डॉक्टरच म्हणाले. माझं भरून आलंय.”

“त्यासाठी मला कापलं.”

“तुझंही आलंच की पूर्ण वाढून.” तात्या मायेनं हसले. “मग काळजी कसली? पुढंमागं लागलंच, तर तू आहेसच.”

पमाचा हात पोटावरच्या व्रणाकडे गेला. आत ते यकृत कुरकुर न करता भरून आलं होतं, घरातल्या शहाण्या मुलीसारखं. तिला त्याचीच शिसारी आली.