सुयशचं पूर्ण वाक्य

"दिवसभर चालू राहतं का हे?" तेजलने विचारलं.

"सकाळी आठ ते संध्याकाळी आठ," उज्वला मॅडम म्हणाल्या. त्यांनी काडेपेटीएवढा रेकॉर्डर सुयशच्या बंडीच्या खिशात घालून दाखवला. "गुरुवारी घाला आणि विसरून जा. रोजच्यासारखं बोला."

सुयश सव्वातीन वर्षांचा होता आणि त्याला अकरा शब्द येत होते. कम, नो, वॉटर, शू, असे. कान तपासून झाले होते, कानांत काही दोष नव्हता. म्हणून प्रफुल्ल आणि तेजल त्याला घेऊन या स्पीच थेरपिस्टकडे आले होते.

इंग्रजीचा निर्णय प्रफुल्लचा. तो सायखेड्याच्या मराठी शाळेत शिकला. सिन्नरच्या एका कंपनीत पहिल्या मुलाखतीला त्याने एकच वाक्य तीनदा सुरू केलं, तेव्हा टेबलापलीकडचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. पुढे दुसरीकडे नोकरी लागली, तो सुपरवायझर झाला, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. ते हसणं मात्र मनातून गेलं नाही. मुलगा झाला त्याच आठवड्यात त्याने सांगून टाकलं, सुयशशी फक्त इंग्लिश.

तेजलचं इंग्रजीही त्याच्याइतकंच. ईट फास्ट. डोन्ट टच. व्हेरी बॅड बॉय. पोरगं पडलं की दोघं म्हणायचे, "नथिंग हॅपन्ड." त्यापुढे काय म्हणायचं ते दोघांनाही सुचायचं नाही. मग घर गप्प व्हायचं.

प्रफुल्लची आई, सुमनबाई, नातवाला खेळवायला आली होती. तिला 'गुड बॉय' एवढं शिकवलं. चौथ्या दिवशी तिने पिशवी भरली. "मला नाय जमत रं असं मुक्यावानी ऱ्हायला," म्हणाली आणि एसटीने गावी निघून गेली.

"लाड कुठल्या भाषेत करता?" मॅडमनी विचारलं.

"इंग्लिशमध्येच," प्रफुल्ल म्हणाला. "एकही मराठी शब्द नाही, मॅडम. हो ना गं?"

तेजलने मान हलवली.

"मग त्याच्या कानावर नुसते हुकूम पडतात. गप्पा नाहीत. इंग्रजी वाईट नाही हो, पण तिच्यात तुमच्याकडेच त्याला सांगण्यासारखं काही नाही. त्याने बोलावं तरी काय?"

प्रफुल्लचा चेहरा पडला. घरी जाताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "चुकलंच माझं." तेजल बाहेर बघत होती.

सोमवारी त्याने अर्धी रजा टाकली. मॅडमसमोर कॉम्प्युटर होता. त्यांची मदतनीस संजना हिने गुरुवारचे बारा तास ऐकून टिपणं काढली होती, पण आज ती आलेली नव्हती.

"त्या दिवशी तुम्ही फारच कमी बोललात," मॅडम कागद बघत तेजलला म्हणाल्या.

"डोकं दुखत होतं."

"असू दे. पण संजनाने इथे दुपारी तीनच्या पुढे मोठी खूण केलीय. मीही अजून ऐकलं नाही. आई झोपलेली, मूल एकटंच खेळतंय, आणि लिहिलंय, 'मराठी, पूर्ण वाक्यं'."

प्रफुल्ल खुर्चीत पुढे सरकला. "वाक्यं? आमचा सुयश?"

मॅडमनी बटण दाबलं. पंख्याची घरघर आली. मग एक बारीक, स्वच्छ आवाज.

"रडू नको रे. ये. मांडीवर ये."

"त्याचा कापडी हत्ती आहे, त्याच्याशी बोलतोय," प्रफुल्ल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती स्पष्ट बोलतोय! राहू दे ते इंग्लिश. मराठी तर मराठी."

तेजल उठून उभी राहिली. "बस झालं, मॅडम. बंद करा."

"अगं, थांब ना! तीन वर्षं वाट बघतोय मी." त्याने हसत तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

पोराने हत्तीला थोपटल्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत.

"तुला काय कळतंय म्हणा," सुयश म्हणत होता. "तू झालास म्हणून थांबले रे. नाहीतर तुझ्या बापाला सोडून मी केव्हाच गेले असते."