जावयाची परीक्षा

"अजून एक घे रे," म्हणत बुआपानने प्राचुआपच्या पेल्यात तांदळाची दारू ओतली.

पलीकडे उखळीत कच्ची पपई कुटत बसलेल्या सायरुंगने मान वर केली. "आई, पुरे आता. त्याला गाडी चालवत खोनकेनला जायचंय."

"जाईल की! सोंगक्रानचा सण आहे. आणि आमच्या घरचा जावई व्हायचंय ना याला?"

प्राचुआप लाजला आणि पेला रिकामा केला.

उन्हं उतरायला लागली तसा तो उठला. पिकअपकडे जाताना त्याचा पाय थोडा अडखळला. तोवर बुआपान गाडीपुढे जाऊन उभी होती.

"किल्ली दे."

"मावशी, तुम्हीच तर पाजलीत!" तो हसला.

"पाजली ना? मग मीच सांगतेय. दे."

"हळू जाईन हो. सकाळी मालाची फेरी आहे. पोचलो नाही तर मालक हाकलून देईल."

"थनोमही फोनवर असंच म्हणाला होता. हळू येईन."

प्राचुआपचं हसू विरलं. थनोम हा बुआपानचा एकुलता एक मुलगा. अशाच सणाच्या दिवशी मित्रांकडे पिऊन तो घरी निघाला आणि कालव्याच्या वळणावर समोरच्या ट्रकखाली गेला. घरी आणला तेव्हा त्याचा सदरा सणात एकमेकांवर उडवतात त्या पाण्याने ओला होता. गालावर सणाची पांढरी पावडर तशीच होती.

प्राचुआपने सायरुंगकडे पाहिलं. पपई कुटणं थांबवून ती किल्लीकडे बघत होती.

त्याने किल्ली बुआपानच्या हातावर ठेवली आणि मालकाला फोन लावला. पलीकडून शिव्यांचा भडिमार झाला. तो "हो, हो" म्हणत राहिला. मग खांबांवर उभ्या घराखालच्या बांबूच्या माचावर जो आडवा झाला, तो लगेच घोरायला लागला.

"ऐकतेस ना, किती घोरतो!" सायरुंग कुजबुजली.

"घोरू दे बाई," पंखा त्याच्याकडे वळवत बुआपान म्हणाली. "घोरतोय हे काय थोडं आहे? जावई हाच करायचा."

थंडी पडल्यावर लग्न झालं. नवरानवरीच्या मनगटाला आशीर्वादाचा पांढरा दोरा बांधताना बुआपानला रडू आवरेना. प्राचुआपची आत्या लांबच्या गावाहून आली होती. ती बुआपानजवळ सरकली.

"अहो, एवढं काय रडताय? खोनकेन काही परदेश नाही. मनात आलं की येईल पोरगी माहेरी."

"येईल हो," डोळे पुसत बुआपान म्हणाली. "पण हे माहेर आज झालं. थनोमचा हात धरून आली, तेव्हा हे तिचं सासर होतं."