आरशात बघून काढलेली चांदणी

आजींना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. तरी प्रयोगशाळेत मी रोज त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवते आणि आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायला सांगते. त्या रोज म्हणतात, "अगं बाई, असलं काही मी जन्मात केलेलं नाही!"

पहिल्या दिवशी पेन्सिल सैरावैरा पळत होती आणि माझ्या पडद्यावर मेंदूच्या लहरींची नुसती धांदल उडाली होती. आज, आठव्या दिवशी, त्यांनी माझ्याशी गप्पा मारता मारता चांदणी पुरी केली. लहरी अगदी संथ होत्या.

"म्हणजे ही विसरली, तरी हिचा हात शिकला?" आजींना रोज घेऊन येणाऱ्या आजोबांनी, त्यांच्या यजमानांनी, विचारलं.

"हो आजोबा. हाताला सवय झाली की मेंदूला एवढी धडपड करावी लागत नाही."

आजोबा चांदणी बघायला खाली वाकले. त्यांची कॉलर आत दुमडली होती. आजींनी कागदावरची नजरही न काढता ती सरळ केली, वरचं बटण लावलं आणि कामावर निघालेल्या नवऱ्याला थोपटावं तसं त्यांच्या छातीवर दोनदा थोपटलं. पडद्यावर एकही लहर दचकली नाही. आजोबा वाकलेलेच राहिले.

मग आजींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि हात झटकन मागे घेतला.



"माफ करा हं. ओळख ना देख, माझा हात तुमच्याकडे गेलाच कसा, कोण जाणे."