कोरडी फरशी

बायको गेल्यापासून अण्णा घरात कुणाशी बोलेनासे झाले होते. अपवाद एकच. मुलाच्या जुन्या ट्रकमधून रात्रभर अंगणात ऑइल गळायचं आणि सकाळी फरशीवरचा डाग दिसला की अण्णांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "अरे, ट्रक पाळलायस की चाळणी?" मग भुसा टाकून, ब्रशने घासून घामाघूम झाले की दोन घास जास्तच खायचे.

शेवटी मुलाने इंजिनखालचं गंजलेलं ऑइल चेंबर बदललं, नवं पॅकिंगही बसवून घेतलं. "आता थेंब गळला तर मिशी उतरवीन," मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीची मिशी शाबूत राहिली. अण्णा मात्र रोज सकाळी ट्रकखाली वाकून बघायचे, कोरड्या फरशीवरून हात फिरवायचे आणि मुकाट्याने खोलीत जाऊन पडायचे. हळूहळू त्यांचं जेवणही तुटलं.

"अहो, अण्णांचं काहीतरी करा," सून नवऱ्याला म्हणाली.



दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाने ट्रकखाली वाटीभर जुनं ऑइल ओतलं आणि पांघरुणात शिरून शिव्यांची वाट बघत पडून राहिला.