बारखालची जागा

"बारखाली तुम्हीच उभे राहा, सर. मेघनाताई नको," रुचिता म्हणाली.

प्रशिक्षक महेंद्र सर तिच्या डाव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होते. त्यांची मदतनीस मेघना पलीकडे गादी सरळ करत होती. सरांनी मान वर केली नाही. "मेघना उंच आहे. माझ्यापेक्षा चांगली झेलते."

"तरी तुम्हीच."

ठाण्यातल्या त्या हॉलमध्ये राज्याच्या जिम्नॅस्टिक्स संघाची निवड चाचणी चालू होती. मुली अकरा, जागा चार. रुचिता बावीस वर्षांची, सगळ्यांत मोठी.

चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिला आणि सरांना समोर बसवून सांगितलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा झालं आहे. आता गुडघा पुन्हा गेला, तर दुरुस्त करायला काही उरणार नाही. जिना चढायलाही आधार लागेल.

बाहेर आल्यावर सर म्हणाले होते, "नाव मागे घे."

"मला नाही जमणार ते."

"मी बोलतो बाबांशी."

"नको. थोडी सूज आहे एवढंच माहितीये त्यांना. तेवढंच राहू दे. शपथ आहे तुम्हाला माझी."

तिचे वडील साईनाथ वर गॅलरीत बसले होते. आंबिवलीहून ठाण्यापर्यंत चौदा वर्षं ते तिला स्कूटरवर घेऊन येत होते. दोनदा बढती नाकारली, कारण बढती म्हणजे बदली. काल त्यांचा सरांना फोन आला होता. आवाजात हसू होतं. "सर, नगरसेवकाने बॅनरसाठी फोटो मागितलाय. मी म्हटलं, थांबा हो, पोरगी आधी निवडून तर येऊ दे. तर म्हणतो, निवडून यायचं तुम्ही आम्हाला शिकवणार?"

सरांनी शपथ पाळली होती.

बारच्या उंच आडव्या दांड्यावरच्या सगळ्यांत अवघड उडीत मुलगी बार सोडते, हवेत गिरकी घेते आणि तोच बार पुन्हा पकडते. तेवढ्यापुरतं शिक्षकाला खाली उभं राहता येतं. पण त्याचा हात तिला लागला, की पूर्ण एक गुण जातो. इथे निवड दशांशांवर होते.

सर नव्या शिक्षकांना नेहमी सांगत, "मुलीच्या हातांकडे बघत बसू नका. कंबरेकडे बघा. ती कुठे चालली आहे ते कंबरेवरून कळतं." तीस वर्षांत स्पर्धेत त्यांनी गरज नसताना कुणालाही हात लावला नव्हता.

आज लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पंचांनी हात वर केला. रुचिताने तळव्यांना पांढरी पावडर चोळली आणि बार पकडला. दोन झोके, मग पूर्ण वर्तुळ. सर बारखाली येऊन उभे राहिले. तिने बार सोडला. सरांची नजर तिच्या कंबरेवर होती. कंबर जिथे हवी तिथेच होती, उंच, सरळ. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तिला झेलून खाली घेतलं.

हॉलमध्ये कुणीतरी हळहळलं. रुचिता पुन्हा बारवर चढली, उरलेलं पूर्ण केलं आणि साधी, सोपी उडी मारून उतरली.

ती पाचवी आली. चौथीपेक्षा सहा दशांश कमी.

साईनाथ गॅलरीतून खाली आले ते थेट सरांसमोर. "हात का लावलात?"

"मला वाटलं पडतेय."

"तुम्हाला वाटलं? पकडला असता तिने बार. आठ वर्षांची होती तेव्हापासून बघतोय मी."

"चुकलं माझं, साईनाथराव."

"तुमचं चुकलं, आणि गेलं कुणाचं?" ते स्कूटर काढायला निघून गेले.

हॉल हळूहळू रिकामा झाला. रुचिता गादीच्या कडेला बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. सर तिच्याजवळ येऊन बसले.

"तू पडत नव्हतीस," ते म्हणाले. "मी मुद्दाम हात लावला. तुला संघात जाऊ द्यायचं नव्हतं मला. बाबांनाही सांगेन हे. तुला जे बोलायचं ते बोल."

रुचिता पट्टीची गुंडाळी करत राहिली.

"बाबांना काही सांगू नका," ती म्हणाली. "ते तुमच्यावर चिडलेत, तेच बरं आहे."

"आणि तू?"

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

"सर, बार पकडायला मी हात पुढे केलेच नव्हते."