बुडावर लिहिलेलं नाव

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याने पहिला फोन मुलाला केला नाही. प्रयोगशाळेत केला.

"ती गेली," तो म्हणाला. "आणि बारा वाजता तिच्या जंतूंच्या बश्या काढून मोजायच्या आहेत. काल छातीत कळ आली तेव्हाही तेच बजावत होती."

फोन प्रयोगशाळेतल्या पोरीने उचलला होता. साडेबाराला ती धापा टाकत दवाखान्यात आली, अंगात पांढरा कोट तसाच. बारीक अंगाची, चष्म्याची. शाळेतली म्हणून खपली असती. बायको तिला 'माझी पोर' म्हणायची आणि रोज तिच्यासाठी वेगळा डबा न्यायची.

"काका, मी आधी मोजलं, मग निघाले," ती रडत म्हणाली. "माफ करा."

"बरं केलंस. मोजलं नसतंस तर ती उठून बसली असती."

पंधरा दिवसांनी तो बायकोचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेला. धास्ती एकाच गोष्टीची होती. माणूस गेलं की त्याच्या नावाच्या बश्या वाफेत घालून नष्ट करतात, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. म्हणजे दीड वर्षाचं काम कचऱ्यात.

पदवीच्या शेवटाला करायचं ते स्वतंत्र संशोधन. एक विद्यार्थी, एक मार्गदर्शक, तिसऱ्याची लुडबुड नाही. घरच्या सिंकच्या जाळीतला चिकट गाळ नेऊन त्यातले तेल खाणारे जंतू शोधायचे. बशीत जंतूंभोवती स्वच्छ गोल कडं पडलं, की त्यांनी तेल खाल्लं. तेच तीनदा घडलं तर खरं. दोनदा घडलं होतं.

"फेकलंस का गं?" त्याने दारातूनच विचारलं.

"कुणाला हात लावू दिला नाही." पोरीने फ्रीज उघडला. बश्या पालथ्या रचलेल्या, प्रत्येकीच्या बुडावर बायकोचं बारीक अक्षर.

त्याला हसू आलं. "आमच्या घरीही हेच. डब्यांची नावं बुडावर. साखर की मीठ बघायला डबा उलटा करायचा. एकदा झाकण सैल होतं."

"मग?"

"साखर होती. मुंग्यांनी सांगितलं."

पोरगी डोळे पुसत हसली. "झाकणं बदलतात ना, काका. पहिली खेप त्यातच गेली. नावं झाकणांवर लिहिलेली, सगळा घोळ. तीन दिवस आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो."

"ठाऊक आहे. ते तीन दिवस बोलणी मी खात होतो."

"मला धाकच होता त्यांचा. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि अख्खा वर्ग उभा राहिला. मीसुद्धा खुर्चीतून उठले."

"घरी येऊन सांगितलं होतं तिने. हसून हसून ठसका लागला."

मग तो स्टूल ओढून बसला. त्याचं आयुष्य बस डेपोत नटबोल्ट आवळण्यात गेलेलं. बोलणं जमत नसे. सुरुवातीला तो या पोरीला अहो-जाहो करायचा. तिनेच ते बंद करायला लावलं होतं.

"पोरी, गेली तीन वर्षं ती सकाळी गुणगुणत उठायची," तो म्हणाला. "त्याआधी तसं नव्हतं. ते तुझ्यामुळे झालं. तुझे उपकार आहेत आमच्यावर."

"उपकार कसले? मीच शिकले त्यांच्याकडून."

तिने टेबलावर छापील अहवाल ठेवला. शेवटच्या तक्त्यात तीन रकाने होते. तिन्ही भरलेले.

"त्या दिवशी बारा वाजता मोजलं ते हे," तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली. "पुन्हा कडं पडलं. तुम्ही फोन केला नसता तर बश्या वाया गेल्या असत्या."

त्याने त्या आकड्यांवरून हलकेच हात फिरवला.

"म्हणजे खरं ठरलं?"

"खरं ठरलं, काका."

"मग आता काय राहिलं?"

पोरीने पान उलटलं, कोटाच्या खिशातलं पेन काढलं आणि 'मार्गदर्शक' असं छापलं होतं तिथे आपली सही केली. शेजारी 'विद्यार्थिनी' असं छापलं होतं. त्याखाली त्याच्या बायकोचं नाव होतं. तिथली सही राहिली.